मोहित्यांच्या कपाटातली उंबरमाशी

ब्रिगेडियर जयंत मोहिते यांच्या घरात गेलेली वस्तू पुन्हा बाहेर येत नाही, हे जयपूरच्या मराठी मंडळींना चांगलं ठाऊक होतं. उत्कर्षाला ते कळायला जवळजवळ वर्ष लागलं.

उत्कर्षा सबनीस तशी जयपूरचीच म्हणायची. वडील विमा कंपनीत अधिकारी. सांगलीहून बदली होऊन आले आणि शहरातल्या सोडाला भागात घर करून इथलेच झाले. ती इथे शाळेत गेली, पुढे पुण्याला जाऊन जीवाश्मांवर पीएचडी केली आणि परत येऊन विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात एका प्रकल्पावर लागली. प्रकल्प संपला की नोकरी संपली, अशातली ती नोकरी. तिचं काम अंबरातल्या किड्यांवर होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडांतून गळलेली राळ जमिनीखाली घट्ट होत होत दगडासारखी होते, ते अंबर. एखादा किडा त्यात अडकलेला असेल तर मिशांसकट जसाच्या तसा राहतो. बाडमेरकडे लिग्नाइटच्या खाणींत कोळशाबरोबर असं अंबर निघतं. पण कोण वेचतंय? बहुतेक कोळशाबरोबरच भट्टीत जातं. जे थोडं उत्कर्षाच्या हाती लागलं होतं ते सगळं रिकामं निघालं होतं. तुकडा घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, आत काही नाही म्हणून बाजूला ठेवायचा. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये प्रकल्पाची मुदत संपणार होती आणि दाखवायला तिच्याकडे रिकामी राळ होती.

अशात संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. खातीपुऱ्याला, स्टेशनच्या अलीकडे, मोहित्यांचा बंगला. प्रतिमाकाकू दरवर्षी सगळ्या मराठी बायकांना बोलवायच्या. फौजेतल्या, बँकेतल्या, जी मिळेल तिला. उत्कर्षा आईच्या ऐवजी गेली आणि दारातच थबकली. बैठकीच्या भिंती चित्रांनी भरून गेल्या होत्या. जिथे भिंत संपली होती तिथे चित्रं जमिनीवर टेकवून ठेवली होती. एकात नुसता निळा रंग आणि त्यावर एक काळी रेघ, एकात वर्तमानपत्राचे कपटे चिकटवलेले, आणि सोफ्याच्या बरोबर वर एक उलटी टांगलेली बकरी.

"त्या बकरीकडे पाठ करून बस," काकू म्हणाल्या. "मी तशीच बसते."

चित्रांचं वेड ब्रिगेडियरांचं. नोकरीत असताना जिथे बदली होईल तिथल्या तरुण चित्रकारांना ते शोधून काढत, आणि त्यांना कोणी विचारत नव्हतं तेव्हापासून त्यांची कामं घेत. त्यातले काही आता मोठे झाले होते. पण उत्कर्षाचं लक्ष चित्रांवरून उडालं ते कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटावर गेलं. त्यात, आतल्या दिव्याच्या उजेडात, मधासारखे, गुळासारखे, काळपट चहासारखे अंबराचे तुकडे मांडून ठेवले होते.

एका हातात तिळगुळाची वाटी धरूनच तिने पर्समधलं भिंग काढलं. पुढच्या रांगेत देखणे तुकडे होते. एकात पान, एकात ठळक मुंगी. मागे एक गढूळ, ओबडधोबड तुकडा होता. त्यात तिळाएवढा ठिपका. तिने काचेला नाक लावलं. ठिपक्याला पंख होते. डोकं लांबट आणि चपटं, एखाद्या पाचरीसारखं.

"काका," ती म्हणाली, "हे कपाट उघडता येईल?"

ब्रिगेडियर खूश झाले. सत्तरी उलटलेले, ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. बायका त्यांच्या चित्रांना हसायच्या आणि अंबराकडे बघायच्याच नाहीत. त्यांनी तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. बाडमेरला पोस्टिंग होतं तेव्हा खाणीतल्या एका मॅनेजरशी दोस्ती झाली होती, त्याने दिलेला.

"काय आहे त्यात? डास असेल."

"उंबरातली माशी आहे, काका. उंबर फोडलं की आतून चिलटं उडतात ना, त्यांची पणजी. पाच कोटी वर्षांपूर्वीची."

उंबराची झाडं आणि ह्या माश्या एकमेकांशिवाय जगत नाहीत, माशी होती म्हणजे बाडमेरच्या त्या वाळूत कधीकाळी उंबरांचं रान होतं, हे तिने भरभर सांगितलं. इतकी जुनी उंबरमाशी तिच्या वाचनात कुठे आलेली नव्हती. जात नवी असणार याची तिला जवळजवळ खात्री होती. ब्रिगेडियर ऐकत राहिले आणि मग त्यांनी तुकडा तिच्या तळहातावरून अलगद उचलून कपाटात परत ठेवला.

"केव्हाही ये आणि बघ," ते म्हणाले. "पण बाहेर जाणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाईट वाटायला नको."

त्याला कारण होतं. पूर्वी एकदा कुठल्याशा विद्यापीठातले एक गृहस्थ, असेच गोड बोलून, त्यांच्याकडचा कोळी अडकलेला तुकडा अभ्यासाला घेऊन गेले होते. अभ्यासही आला नाही आणि कोळीही. आणखी एकदा एका प्रदर्शनाला दिलेलं चित्र कोपरा फाटून परत आलं. तेव्हापासून त्यांनी नियमच करून टाकला होता. घरी या, चहा घ्या, हवं तेवढं बघा.

मग उत्कर्षाचे रविवार खातीपुऱ्यात जायला लागले. स्कूटरवर पायाशी सूक्ष्मदर्शकाची पेटी धरून ती जायची, जेवणाच्या टेबलावर मांडायची, माशीचे फोटो काढायची. काकू शेजारी शेंगा सोलत बसायच्या. माशीची पाठ, पंखांच्या शिरा, मिशांची पेरं, सगळं वरून स्वच्छ दिसत होतं. पण खरी ओळख पटते ती डोक्याच्या खालच्या बाजूने. उंबरात शिरताना रेटा द्यायला ह्या माश्यांच्या जबड्याखाली करवतीसारखे दात असतात, त्यांच्या ओळींवरून जात ठरते. आणि नेमकी त्या बाजूने राळ खडबडीत, धुरकट होती. काही दिसत नव्हतं. घासायचं म्हटलं तर माशी पृष्ठभागाच्या अगदी लगत. एक केसभर जास्त घासलं गेलं की संपलं. त्याला उपाय एकच, मोठ्या यंत्रावर स्कॅन. ते यंत्र दुसऱ्या गावात. शिवाय नव्या जातीला नाव द्यायचं तर मूळ नमुना सार्वजनिक संग्रहालयात जमा करावा लागतो. कोणाच्या बैठकीतल्या कपाटात असलेल्या माशीवरचा लेख चांगली नियतकालिकं छापत नाहीत.

हे सगळं तिने ब्रिगेडियरांना सांगितलं. उन्हाळा सुरू होताना सांगितलं, ऐन उन्हाळ्यात कूलरच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं. ते प्रत्येक वेळी मन लावून ऐकत.

"मी गेल्यावर ने," एकदा ते म्हणाले.

"ह्यांच्या घराण्यात नव्वदीच्या आत कोणी गेलेलं नाही," काकू शेंगांवरून मान वर न करता म्हणाल्या. "तू दुसरी माशी शोध."

उत्कर्षा हसली, पण परत जाताना सिग्नलला उभी असताना तिला रडू आलं. त्यांचा राग यावा तर माणूस वाईट नव्हता. उलट तिच्यासाठी ते हापूस मागवून ठेवायचे, तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. फक्त तो तिळाएवढा ठिपका काही ते सोडत नव्हते. एकदा त्यांनीच काळजीने विचारलं, की कपाटातल्या दिव्याने तुकड्यांना बारीक तडे जायला लागलेत, काय करावं? तिने प्रामाणिकपणे सांगितलं, की दिवा बंद ठेवा. आणि संग्रहालयात असे तुकडे पारदर्शक रेझिनमध्ये बुडवून ठेवतात, मग हवा लागत नाही आणि तडे जात नाहीत. ते "असं का" म्हणाले आणि विषय तिथेच संपला.

श्रावणात एका रविवारी तिने सहज म्हटलं, की नव्या जातीला नाव शोधणारा देईल ते मिळतं. माणसाचं नावही देता येतं.

ब्रिगेडियरांनी चहाचा कप खाली ठेवला. "कोणाचंही?"

"कोणाचंही."

"माझ्या आईचं नाव अनुसया," ते म्हणाले. "साताऱ्याला आमच्या मळ्यात उंबर होतं. ती फळ फोडून, फुंकर मारून माश्या उडवायची आणि मग आमच्या हातात द्यायची. म्हणायची, त्यांचं घर आहे, त्यांना आधी जाऊ द्या."

"मग अनुसयाच नाव देऊ," उत्कर्षा म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं होतं.

त्यांनी होकार दिला. दसऱ्याला मुलगी आणि जावई येणार होते, त्यांना एकदा दाखवायचं आणि मग तुकडा उत्कर्षाच्या हवाली करायचा, असं ठरलं. तिने त्याच आठवड्यात स्कॅनसाठी वेळ मागितली. पुण्याच्या तिच्या सरांना फोन केला, संग्रहालयाशी बोलून ठेवलं. घरी आईला पेढे आणायला सांगितले. इतकी हरखून गेली होती ती.

दसरा झाल्यावरच्या रविवारी कापूस घातलेला डबा घेऊन ती खातीपुऱ्याला गेली. कपाटात मागच्या रांगेत तुकड्याची जागा रिकामी होती.

"काका, तुकडा काढून ठेवलात?"

"सुरक्षित आहे," ब्रिगेडियर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. "तुझ्याच पद्धतीने सुरक्षित केलाय. बस, सांगतो."

सोनल दिघे नावाची एक तरुण चित्रकर्ती होती. उलटी बकरी तिचीच. ती ब्रिगेडियरांसाठी एक मोठं पॅनेल करत होती, अंबराचे तुकडे रेझिनमध्ये बसवून आणि मागून दिवे लावून. माशीचा तुकडा त्यांनी तिला दिला होता.

"बघ, रेझिनमध्ये बुडवला की तडा जाणार नाही, हे तूच म्हणालीस. पॅनेल इथे बैठकीत लागणार, म्हणजे तुकडा घरातच राहिला. तू कधीही ये आणि बघ. आईचं नावही खाली लिहू. तुझंही झालं, माझंही झालं."

उत्कर्षाने हातातला डबा टेबलावर ठेवला. "काका, तो स्कॅनला न्यायचाय. ठरलं होतं आपलं."

"पॅनेलचा स्कॅन होत नाही?"

"केवढं आहे पॅनेल?"

ब्रिगेडियरांनी दोन्ही हात पसरले. तेवढे पुरेनात म्हणून एक पाऊल बाजूला सरकून पुन्हा पसरले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

सोनलची खोली बाईस गोदाम नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका वेल्डिंगच्या कारखान्याच्या वर होती. उत्कर्षा जिना चढून गेली तेव्हा रेझिनच्या वासाने तिचं डोकं धरलं. पांढऱ्या धुळीने माखलेली, गळ्यात मास्क लटकवलेली एक मुलगी पुढे आली. दिघ्यांची ही मुलगी जयपुरातच जन्मलेली; वडील रेल्वेत, घरात मराठी, पण बाहेर सगळी हिंदी.

"तुम्ही त्या माशीवाल्या दीदी ना? अंकलनी सांगितलं होतं तुमचं. या ना, बघा."

दोन लाकडी घोड्यांवर पॅनेल आडवं ठेवलं होतं. सोनलने खालचे दिवे लावले आणि खोलीभर मधाचा उजेड पसरला. दाट जागी तांबूस, विरळ जागी पिवळा, आणि अधूनमधून एकेक तुकडा पाण्यात तरंगत असल्यासारखा. काम सुंदर होतं. तेच उत्कर्षाला सहन होईना. वाईट असतं तर बरं झालं असतं.

"तुमचा पीस एकदम मधे ठेवलाय," सोनल म्हणाली. "अंकल बोलले स्पेशल आहे. पण तो खालून इतका खरबरीत होता, मतलब उजेडच जात नव्हता. मग मी घासला. मस्त पॉलिश केला. आता बघा किती साफ दिसतो."

उत्कर्षाने भिंग लावलं. खरंच साफ दिसत होतं. वर्षभर जी बाजू बघायला ती तडफडत होती ती आता काचेसारखी उघडी होती, आणि तिथे डोकं अर्धं होतं. उजवी बाजू पॉलिशच्या धुळीबरोबर निघून गेली होती. ती शेजारच्या स्टुलावर बसली.

"काही चुकलं का दीदी?"

ओरडावं असं तिच्या मनात आलं होतं, पण ओरडणार कोणावर? ह्या मुलीने जे केलं ते तिच्या कामात बरोबरच होतं. उत्कर्षाने तिला सगळं सांगितलं. जबड्याखालचे दात, ओळी, स्कॅन, अनुसया. सोनलचा चेहरा उतरत गेला.

"मला नाही पता होतं. खरंच. अंकल काहीच बोलले नाहीत घासू नको म्हणून."

"त्यांच्याही लक्षात राहिलं नसेल. मी त्यांना नीट समजावलं नाही बहुतेक." मग ती म्हणाली, "अर्धं अजून शिल्लक आहे. त्यात किती कळेल ते स्कॅन केल्याशिवाय सांगता येणार नाही. मला तो तुकडा कापून हवाय, सोनल."

"मधूनच?"

"हो."

सोनलने दिवे बंद केले. "नाही दीदी. सॉरी. सहा महिने मी हेच करतेय. इतकं मोठं काम मी आधी कधी केलं नाही."

उत्कर्षाने वाद घातला. माशी पाच कोटी वर्षांची आहे, पॅनेल पुन्हा करता येईल, असं काहीबाही ती बोलली, आणि बोलता बोलताच आपण किती निष्ठुर बोलतोय हे तिच्या लक्षात आलं. सोनल ऐकून घेत होती. मग तिने हात झटकले.

"तुम्हाला वाटतं माझं त्यांच्यापाशी बरं चालतं? माझी सगळी चांगली कामं त्या घरात आहेत. दिल्लीच्या एका गॅलरीने मागच्या साली विचारलं, तुमची पाच-सात कामं पाठवा. मी अंकलकडे मागितली. बोलले, त्यांना सांग इथे येऊन बघा, चहा देतो. आता गॅलरीवाले खातीपुऱ्यात चहा प्यायला येणार का? मला कोणी ओळखत नाही, कारण माझं काम कोणी बघितलंच नाही. ती बकरी फक्त काकू बघतात."

"काकू तिच्याकडे पाठ करून बसतात," उत्कर्षा म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं. पण त्या हसण्यातून काही निघालं नाही.

दोघी मिळून ब्रिगेडियरांकडे गेल्या. आधी उत्कर्षा बोलली, मग सोनल. ब्रिगेडियरांना डोकं अर्धं झाल्याचं कळलं तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर राखेसारखा झाला. पण कापायचं म्हटल्यावर ते पुन्हा ताठ झाले.

"एक गोष्ट बिघडली म्हणून दुसरी बिघडवायची? पॅनेल माझं आहे. त्याला हात लागणार नाही."

"काका, तुम्ही मला शब्द दिला होता."

"शब्द पाळायचाच प्रयत्न केला मी. तूच रेझिनचं सांगितलंस."

"मी संग्रहालयाचं सांगितलं होतं," उत्कर्षा म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "तुमच्या बैठकीचं नाही. वर्षभर मी इथे येऊन बसतेय. पहिल्या दिवशी नाही म्हणालात, मग हो म्हणालात, आणि दिलं नाहीतच. नाहीवरच राहिला असतात तर मी दुसरं काहीतरी केलं असतं."

ब्रिगेडियर उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेरून आगगाडी धडधडत गेली.

"पॅनेल कापायचं नाही," ते म्हणाले.

उत्कर्षा घरी आली आणि तिने स्कॅनची वेळ रद्द करायला संगणक उघडला, पण रद्द करवेना. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी सोनलचा फोन आला.

"दीदी, तो डबा घेऊन या. कापसाचा."

पॅनेलच्या मधोमध चौकोनी भोक होतं, कडा सरळ आणि स्वच्छ. कापलेला तुकडा सोनलने जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून ठेवला होता. तिचे डोळे सुजले होते, धुळीने किंवा रडून.

"मी विचार केला," ती म्हणाली. "हे एकदा खातीपुऱ्यात गेलं की संपलं. माझं काम तर बाहेर पडत नाही. तुमची माशी तरी पडू दे."

"काकांना काय सांगशील?"

"काम माझं आहे. अजून माझ्या खोलीत आहे, मी त्याच्यावर सही नाही केली. मला जिथे कापायचं तिथे कापीन."

उत्कर्षाने तिला मिठी मारली, पण मिठीत सुद्धा तिला वाटत राहिलं की आपण हिच्या पोटावर पाय देऊन निघालोय.

पॅनेल भोकासकट ब्रिगेडियरांच्या घरी गेलं. दिवाळीनंतर काकूंनी फोनवर सांगितलं, की त्यांनी ते परत पाठवलं नाही, बैठकीत लावलं. उत्कर्षाला ते खरं वाटेना. पुढचं तर त्याहून अजब होतं. फराळाला आलेले लोक उलट्या बकरीकडे बघत नसत, पण त्या भोकापुढे थांबत. कोणी म्हणे, माणसाच्या आयुष्यातली पोकळी आहे. कोणी म्हणे, वाळवंटातला पाण्याचा अभाव. सिव्हिल लाइन्समध्ये राहणारे एक सरकारी साहेब तर म्हणाले, की हे भोक नसतं तर हे काम नुसतं शोभेचं झालं असतं. दिल्लीच्या गॅलरीपर्यंत त्याचा फोटो पोचला आणि त्यांनी पॅनेल प्रदर्शनाला मागितलं.

"मग?" उत्कर्षाने विचारलं.

"मग काय. हे म्हणाले, त्यांना इथे येऊन बघू दे," काकू म्हणाल्या.

स्कॅन डिसेंबरात झाला. पुण्याच्या सरांनी चित्रं तपासली, आणि त्यांचा फोन आला तेव्हा त्यांच्या पहिल्याच शब्दावरून उत्कर्षाला कळून चुकलं. डाव्या बाजूचे दात होते, पण मुळापाशी तुटलेले. ओळी मोजता येत नव्हत्या. उंबरमाश्यांच्या कुळातली आहे एवढं नक्की, त्यापुढे काही सांगता येत नाही. नवी असू शकेल, नसूही शकेल. नाव देता येणार नाही.

तिने एक छोटं टिपण लिहिलं. अनिश्चित जात, बाडमेर, नमुन्याचे डोके अंशतः नष्ट. ते छापून आलं. कोणी फारसं वाचलं असेल असं नाही.

ब्रिगेडियरांना सांगायला ती स्वतः गेली. जायचं नव्हतं, पण फोनवर सांगणं तिच्याने झालं नसतं. ते पॅनेलखाली बसले होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही आणि ती बसलीही नाही.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"नाही देता येणार, काका. तेवढं उरलेलं नाही."

"म्हणजे आईचं..."

"नाही."

त्यांनी मान वर करून पॅनेलमधल्या भोकाकडे पाहिलं. "मग तो परत आण. नाव नाही तर संग्रहालयाला काय उपयोग त्याचा?"

"जमा झालाय. आता परत मिळत नाही. आणि उपयोग आहे, काका. उद्या दुसरा सापडला तर ताडून बघायला लागेल."

"माझ्या घरातली वस्तू," ते म्हणाले आणि उठून आत गेले. दार आदळलं नाही. ते तसले नव्हते. पण कडी लावल्याचा आवाज आला.

काकू तिला फाटकापर्यंत सोडायला आल्या. "तुझ्यावर नाही रागावलेत," त्या म्हणाल्या. "स्वतःवर रागावलेत. पण त्याची त्यांना सवय नाही, म्हणून तुझ्यावर काढतायत."

"मला आता कोणावर काढायचा राग ते सांगा," उत्कर्षा म्हणाली. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

महिनाभर ती त्या बाजूला फिरकली नाही. प्रकल्पाचा शेवटचा अहवाल लिहायला घेतला होता, आणि रोज सकाळी तोच परिच्छेद खोडून पुन्हा लिहीत होती. फेब्रुवारीत ब्रिगेडियरांचा फोन आला. जणू मधे काही झालंच नव्हतं अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की बाडमेरचा तो मॅनेजर निवृत्त झाला, पण त्याचा मुलगा तिथेच आहे. कोळसा काढून उरलेल्या मातीचा ढिगारा आहे, त्यात अंबर असतं, कोणी बघत नाही. त्याने रीतसर परवानगी काढून दिली आहे.

"मोठा ढीग आहे," ते म्हणाले. "मला वाकता येत नाही फार. तू येशील?"

उत्कर्षाने नाही म्हणायचं ठरवलं आणि येते म्हणून बसली.

पहाटे निघाले. ब्रिगेडियर स्वतः गाडी चालवत होते, काकू मागे डबे सांभाळत होत्या. अजमेर मागे पडल्यावर उत्कर्षाने विषय काढला. जे सापडेल ते थेट संग्रहालयात, खातीपुऱ्यात नाही. ब्रिगेडियर म्हणाले, आधी घरी, नीट बघून झालं की संग्रहालयात. तिने विचारलं, नीट बघून कधी होणार. त्यांनी गाडीचा वेग वाढवला. ब्यावरच्या पुढे एका ढाब्यावर चहाला थांबले तेव्हा तिने स्पष्ट सांगितलं, की हे ठरल्याशिवाय ती पुढे येणार नाही, इथूनच बस पकडून परत जाईल. काकूंनी दशम्यांचा डबा उघडला आणि दोघांच्या मधे ठेवला.

बऱ्याच ओढाताणीनंतर ब्रिगेडियर एवढ्यावर आले: ज्यात किडा दिसेल तो तुकडा उत्कर्षाचा, म्हणजे संग्रहालयाचा. जो रिकामा, तो त्यांचा. उत्कर्षाला हे पटलं. चहा संपवून ती उठली.

"आणि ज्यात आहे की नाही ते कळत नाही, तो?" ब्रिगेडियरांनी विचारलं.

उत्कर्षा थांबली. खाणीतून निघालेल्या ओबडधोबड तुकड्यांपैकी जवळजवळ सगळे त्यातलेच असतात.

"तो मी तपासेन," ती म्हणाली.

"कुठे?"

"काका, अंधार पडायच्या आत पोचायचंय," ती म्हणाली. "गाडी काढा."